झाडून काढलेली काच

मोशीला जाधववाडीच्या बाजूला कस्तुरा सोनकांबळेचं दोन खोल्यांचं घर आहे. त्या घरात मिठाच्या बरणीवर लाल रेघ आहे. मीठ रेघेखाली गेलं की नवा पुडा आलाच पाहिजे. शेगडीमागच्या भिंतीवर तिनं लाटणं, सांडशी, उलथनं, झारा यांच्या आकृत्या पेनानं काढून ठेवल्यात आणि प्रत्येक वस्तू आपापल्या आकृतीवर खिळ्याला टांगलेली. झारा जागेवर नसला तर भिंतीवरचा रिकामा झारा ओरडून सांगतो. पाहुणे हसतात. नवरा ज्ञानदेव तर म्हणतो, "मी मेलो की माझीबी आकृती काढून ठिवील ही, खाटंवर."

"काढीन की," कस्तुरा म्हणते. "पण आधी तुमचा टावेल जागेवर ठिवा."

हे वेड कंपनीतलं. उदगीरच्या बाजूनं लग्न होऊन आली तेव्हा तिला बसची पाटीसुद्धा धड वाचता येत नव्हती. आधी दोन वर्षं लोकांची धुणीभांडी केली. मग चाकणला गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधणाऱ्या कंपनीत हेल्पर म्हणून लागली, त्याला आता बावीस वर्षं झाली. आज ती लायनीवर तपासणीला उभी असते. जुडग्यातली एक पिन अर्धा दाणा मागं राहिली तरी तिच्या बोटांना कळतं. खराब माल दिसला की त्याला लाल टॅग लावायचा, त्यावर दोष, वेळ, कारण लिहायचं आणि तो लाल पेटीत टाकायचा. जमिनीवर काही सांडलं तर ज्याच्या नजरेला पडलं त्यानं तिथल्या तिथं उचलायचं. पहिल्या महिन्यात शिकवलेलं हे तिच्या हाडात गेलंय.

बावीस वर्षं ती कंपनीच्या बसमध्ये तिसऱ्या सीटवर खिडकीशी बसली. चाकणच्या रस्त्यावर बस तास तास उभी राहायची आणि ती ड्रायव्हरच्या हातांकडं बघत राहायची. शेहेचाळिसाव्या वर्षी एक दिवस घरी येऊन म्हणाली, "मला गाडी शिकायची."

ज्ञानदेव स्वतः कंपन्यांच्या बस चालवायचा. तीस वर्षं झाली, बसला एक ओरखडा नाही. त्याला हसू आवरेना. पण मुलगा धम्मपाल हिंजवडीला नोकरीला लागला होता. त्यानं भर घातली आणि एक जुनी, निळी, छोटी गाडी दारात आली. इन्शुरन्सच्या वेळी नवराबायकोत जुंपली. ज्ञानदेव म्हणाला, "जुन्या गाडीला थर्ड पार्टी बास." कस्तुरा म्हणाली, "फुल पायजे. तुमी दुसऱ्याला ठोकाल त्याचीच सोय करायलाव. मला कुनी ठोकलं तर?"

फुल इन्शुरन्स काढला.

शिकणं सोपं गेलं नाही. ज्ञानदेव बस हाकावी तसा शिकवायचा. "क्लच! क्लच सोड! अगं, सोड म्हनलं म्हंजी फेकून न्हाई द्यायचा!" पहिली परीक्षा ती मोटार स्कूलच्या गाडीवर द्यायला गेली आणि त्या गाडीचा क्लच कुठं धरतो हेच न कळल्यानं चढावर तीनदा बंद पडून नापास झाली. तेव्हापासून पण केला होता, दुसऱ्यांदा बसेन ती माझ्याच गाडीवर. तारीख मिळाली सोमवारची. शिकाऊ लायसनची मुदत मंगळवारी संपत होती. म्हणजे सोमवार हुकला की सहा महिन्यांचं सगळं पाण्यात. परत फॉर्म, परत पहिल्यापासून सुरुवात.

आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी काच फुटली.

गुरुवार म्हणजे कंपनीची सुट्टी. सकाळी पावणेदहाला कस्तुरा अंगणात कपडे वाळत घालत होती. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर मोशीतलेच मारुतराव मशीन लावून गवत कापत होते. मशीनच्या पात्यानं एक खडा असा भिरकावला, की गाडीच्या पुढच्या डाव्या दाराची काच एका दमात बारीक बारीक दाणे होऊन खाली बसली. पोतं फाटून साबुदाणा सांडावा तसा आवाज झाला.

मारुतराव मशीन बंद करून धावत आले. "आवं ताई, म्या मुद्दाम न्हाई केलं! खडा व्हता, दिसला न्हाई. आता कसं वं?"

"तुमाला लागलं तर न्हाई ना काका?"

"मला काय धाड भरलीय! गाडीचं बगा."

कस्तुरानं गाडीचं बघितलं. म्हणजे तिनं झाडू आणला. सुपली आणली. सीटवरचे दाणे गोळा केले, सीटच्या फटीतले जुन्या टूथब्रशनं काढले, शेजारणीचा व्हॅक्यूम मागून आणून गालिचा साफ केला. दाराच्या चौकटीतल्या रबरात अडकलेले दाणे एकेक करून टिपले आणि शेवटी ओलं फडकं मारलं. पंचवीस मिनिटांत गाडी आरशासारखी. सगळी काच जाड पिशवीत भरली, तोंड बांधलं, वर कागद चिकटवला: 'पुढची डावी काच. दोष: फुटली. वेळ: ९.४५. कारण: गवताच्या मशीनचा खडा.' खडाही सापडला होता, तोही आत टाकला.

मग हात धुऊन, पदर खोचून, ती इन्शुरन्सला फोन लावायला बसली.

पलीकडची मुलगी गोड आवाजाची होती. "मॅडम, फुटलेल्या काचेचे फोटो पाठवाल का?"

"काच आता न्हाई. साफ केली."

"बरं. सीटवर तुकडे असतील त्यांचे?"

"व्हॅक्यूम मारला."

"चौकटीत अडकलेले?"

"ब्रशनं काढले. फडकं पन मारलं."

"मॅडम, मग काच फुटली हे दिसणार कशात?"

"काच न्हाईए, त्याच्यातच दिसालंय की, बाई!"

मुलीनं हसू दाबून दाव्याचा नंबर दिला आणि सांगितलं, गाडी आमच्या यादीतल्या गॅरेजला न्या, शनिवारी सर्व्हेअर येऊन बघतील. ते म्हणाले तर काच बसेल.

ज्ञानदेव ड्यूटीवरून आला आणि सगळं ऐकून खाली बसला. "कस्तुरे, अगं अपघात झाला की आधी फोटो काढत्यात. आख्खी दुनिया फोटो काढती. तू फडकं मारलीस?"

"पडलेली काच तशीच ठिवायची? उद्या कुनाच्या पायात जाईल."

"जाऊ दे. प्लास्टिक लावून जाऊ परीक्षेला."

प्लास्टिक लावून बघितलं. कस्तुरा चालकाच्या सीटवर बसली आणि डावीकडं बघितलं तर बाहेरचा आरसा धुक्यात गेल्यासारखा. डाव्या आरशाशिवाय गाडी मागं घेऊन खांबांच्या मधे लावायची म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवणं. उघडी ठेवावी तर परीक्षा घेणारे साहेब पहिल्यांदा विचारणार, गाडीला काच का नाही. आणि खिशातून बसवायची तर पगार व्हायला हवा; पगार सात तारखेला आणि लायसन मंगळवारी मरणार.

रात्री जेवताना ज्ञानदेवला युक्ती सुचली. घास हातात धरूनच तो म्हणाला, "पिशवी हाय ना? मूठभर काच सीटवर पसरू, मूठभर दाराच्या कडंला लावू. फोटो काढू. काच आपली, सीट आपली, गाडी आपली. ह्यात खोटं काय हाय?"

कस्तुरानं भाकरी थापायची थांबवली. "लाल पेटीत गेलेला माल परत लायनीवर ठिवायचा?"

"कंपनी न्हाई ती, गाडी हाय!"

"बावीस वर्सांत एकदाबी ठिवला न्हाई. सुपरवायझर पाया पडायला आला होता एकदा, तरी न्हाई. जे झालं ते सांगीन. देतो म्हनला तर देऊ दे."

"आन् न्हाई म्हनला तर?"

तव्यावरची भाकरी करपली. शेजघरात गेल्यावर ज्ञानदेवनं ऐकलं, अंधारात ती पायांनी क्लच, ब्रेक, क्लच करत होती. पलंग करकरत होता.

शुक्रवारी गाडी चिखलीच्या गॅरेजला गेली. शनिवारी कस्तुरानं लायनीवरच्या रुपालीशी पाळी बदलून घेतली आणि सकाळीच नवऱ्याला घेऊन तिथं हजर झाली. गॅरेजचा शेखर ओळखीचा होता. सर्व्हेअर सुजित म्हणून तिशीतला पोरगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, डोळ्यांत झोप. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"ताई, ही गाडी तर नुकतीच शोरूममधून आल्यासारखी दिसते."

"थँक्यू सर."

"तसं नाही म्हणत मी. हे बघा." त्यानं टॅबवर फोटो काढून दाखवला. "काच खाली घेतलेली गाडी आणि काच फुटलेली गाडी, दोन्ही फोटोत सारख्याच दिसतात. माझ्या साहेबांना मी काय दाखवू?"

ही गोष्ट कस्तुराच्या डोक्यातच आली नव्हती. इतकी स्वच्छ चौकट तिनं करून ठेवली होती, की काचेनं स्वतःहून खाली जाऊन झोप काढावी.

तिनं पिशवी पुढं केली. सुजितनं वरचा कागद वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला, ओठ चावले. "खडासुद्धा?"

"कारण लिहिलं तर पुरावा लागतो सर."

"कुठल्या कंपनीत आहात?"

तिनं सांगितलं. "तरीच," तो म्हणाला, आणि आवाज जरा मऊ झाला. "ताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण पिशवीतली काच कुठल्याही गाडीची असू शकते. मला गाडीवर नुकसान दिसलं पाहिजे हो."

ज्ञानदेवनं बायकोकडं बघितलं. 'सांगितलं होतं' असं त्याच्या अख्ख्या तोंडावर लिहिलं होतं. पण माणूस भला. उलट पुढं होऊन म्हणाला, "साहेब, ही बाई खोटं बोलायली असती तर एवढं झाडलंच नसतं."

सुजित हसला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं किल्ली फिरवली आणि डाव्या काचेचं बटण दाबलं. दाराच्या पोटात मोटार घरघरली आणि मागोमाग आवाज आला, करकर, करकर. दातांखाली खडे आल्यासारखा.

"शेखर, दार खोल रे."

शेखरनं स्क्रू काढले, दाराचं आतलं प्लास्टिक बाजूला केलं आणि भसाभसा दाणे सांडले! फुटलेल्या काचेचा निम्मा ढीग दाराच्या पोटात जाऊन बसला होता. खाली, काच वरखाली करणाऱ्या पट्टीच्या चिमट्यात तळहाताएवढा काचेचा तुकडाही तसाच घट्ट धरून राहिलेला.

सुजितचा चेहरा उजळला. शेखरनं शिट्टी मारली. ज्ञानदेवनं टाळी वाजवली. आणि कस्तुराचा चेहरा उतरला.

"अगं बया," ती कपाळावर हात मारून म्हणाली, "हितं ऱ्हायलंच की!" आणि कोपऱ्यात उभा असलेला झाडू उचलला.

"ताई, नाही!" सुजित ओरडला.

"वहिनी, हात लावू नका!" शेखर ओरडला.

"कस्तुरे, झाडू ठेव खाली!" ज्ञानदेव असा ओरडला, की रस्त्यावरची रिक्षा थांबली.

झाडू हातात धरून कस्तुरा जागच्या जागी उभी राहिली. सुजितनं फोटो काढले: दाराच्या पोटातले, पट्टीतल्या तुकड्याचे, जमिनीवरच्या ढिगाचे. शेवटी म्हणाला, "मी आजपर्यंत लोकांना सांगत आलो, काही हलवू नका. पहिल्यांदा कुणी एवढं हलवूनसुद्धा पुरेसं ठेवलंय. शेखर, मागव काच. दुपारपर्यंत मंजुरी टाकतो."

"झालं ना सर तुमचं?" कस्तुरानं विचारलं.

"झालं."

मग तिनं झाडून काढलं.

शनिवारी संध्याकाळी काच बसली. रविवारी ती ज्ञानदेवला शेजारी बसवून मोकळ्या प्लॉटवर बावीस वेळा मागं गेली आणि डाव्या आरशात दोन विटा बघून बघून त्यांच्या मधे गाडी लावली. सोमवारी भोसरीच्या ट्रॅकवर चढ आला तेव्हा आपल्या गाडीचा क्लच कुठं धरतो हे पायाला ठाऊक होतं. गाडी चढावर थांबली, सुटली, एक इंचही मागं आली नाही. साहेबांनी कागदावर टिक केली तेव्हा तिनं विचारलं, "सर, काय चुकलं असलं तर लिहून द्या, सुधारते."

"काही चुकलं नाही. जा घरी."

परतताना तीच चालवत होती. अडीच वाजलेले, रस्त्यावर दुसऱ्या पाळीच्या बसगाड्यांची रांग. मोशीच्या चौकात सिग्नलला तिच्या डाव्या बाजूला एक बस येऊन उभी राहिली. तिच्याच कंपनीची. चालवायला नवनाथ, ज्ञानदेवचा जुना जोडीदार. ज्ञानदेवला राहवेना. त्यानं बटण दाबून काच खाली घेतली आणि बाहेर मान काढली.

"ए नवनाथ! बघ की कोन चालवायलंय!"

नवनाथनं वाकून बघितलं. "आयला, वहिनी! पास झाल्या जनू?"

बसच्या सगळ्या खिडक्या भराभर उघडल्या. तिसऱ्या सीटवरून रुपाली निम्मी बाहेर आली. "ए कस्तुराताई! आज सुट्टी टाकलीस ती ह्याच्यासाठी व्हय? आमाला न्हाई सांगितलंस!"

"नापास झाले असते तर तुमी महिनाभर टॅग लावला असता मला!"

"आता पेढ्याबिगर लायनीवर घेनार न्हाई!"

सिग्नल सुटला. मागून पन्नास हॉर्न एकदम वाजले. गाडी बंद पडली नाही. कस्तुरानं पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, बसच्या बरोबरीनं निघाली. डावीकडं बस, उजवीकडं टेम्पो, मधे ती. खिडकीतून बायका हात हलवत होत्या, ज्ञानदेव दोन्ही हातांनी त्यांना दाद देत होता आणि या सगळ्या जत्रेत घराचं वळण मागं पडलं.

"अगं, वळन गेलं!" ज्ञानदेवला एकदम भान आलं. "आता पुढून फिरवून आन."

कस्तुरानं आरशात बघितलं. मग समोर बघितलं. समोर इंद्रायणीचा पूल होता आणि पलीकडं चाकणचा रस्ता, बावीस वर्षं दुसऱ्याच्या हातांकडं बघत काढलेला.

"असू द्या," ती म्हणाली आणि तिसरा टाकला. "जाऊन येऊ कंपनीच्या गेटापतूर."