न रंगवलेली गाडी

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात स्कूटर पुसत होतो. मनात पहिल्यांदा काय आलं ते लाज सोडून लिहितो... आता माझ्यापुढे कोणी उरला नाही. मग फडकं हातात तसंच धरून रडलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

इनास माझा मावसभाऊ. गिरीजला आमच्या वाड्या शेजारीशेजारी. शाळेत तो पुढे, चर्चच्या गायनात तो पुढे, आणि नव्वदच्या सुमारास आखातातून परतला तो थेट अमेरिकन मसल कार घेऊन! तिथल्या साहेबाने मायदेशी जाताना त्याला दिलेली. दोनच दारं, लांबलचक नाक, मोरपंखी रंग, स्टिअरिंग डावीकडे. आठ सिलिंडरचा तो आवाज ऐकून बाया विहिरीवरून धावत आल्या. त्याच महिन्यात मी हप्त्यांवर स्कूटर घेतली होती. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला. रविवारी सगळे मिस्साला चर्चमध्ये गेले, मी मागे रेंगाळलो आणि स्कूटरच्या किल्लीने गाडीच्या दारावर हातभर ओरखडा ओढला. बाहेर आल्यावर इनासने तो बोटाने चाचपला, "असू दे," म्हणाला आणि गाडीत बसला. मला वाटलं, सुटलो.

नाताळ जवळ आला की आमच्याकडे दिसेल त्याला रंग लागतो. इनास तर घर, अंगणातला क्रूस, विहिरीचा कठडा, फाटक, काही सोडायचा नाही. गाडीला मात्र कधी ब्रश लागला नाही. तो ओरखडा दर वर्षी माझ्याकडे बघत राहायचा. "अरे, तिलाही रंग दे की," मी म्हणायचो. "देऊ रे... घाई काय आहे?"

दहा-बारा वर्षांनी मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी त्याने गाडी विकायला काढली. हे भंगार कोण घेणार, म्हणून मी आतून खूश होतो. पुण्याहून एक गृहस्थ आले. गाडीखाली आडवे झाले, पत्रा टकटक वाजवून पाहिला आणि हरखून उठले.

"कारखान्यातलाच रंग आहे हो! गंज नाही, पुट्टी नाही. अशी हात न लावलेली गाडी मिळत नाही."

त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून माझ्या पोटात दुखलं. मग त्यांनी दारावर बोट ठेवलं. "हे काय?"

"कोणीतरी मारलंय," इनास म्हणाला. "तो स्वतःहून सांगेल, मग रंगवू, म्हणून थांबलो."

माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी घसा खाकरला... आणि पाणी आणतो म्हणून आत गेलो. म्हणजे माझ्या ओरखड्यामुळे गाडीचा रंग वाचला आणि भाव मिळाला त्याला! यावरही मी पुढे कितीतरी वर्षं जळलो. आज हेवा वाटतो तो त्याच्या धीराचा.

गेल्या आठवड्यात रेजिनवहिनींनी इनासच्या गाडीची जुनी शेड आवरायला बोलावलं. फळीवर मोरपंखी रंगाचा एक डबा होता, झाकणही न उघडलेला.

"गाडी आली त्याच नाताळला आणलेला," वहिनी म्हणाल्या. "मला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तो आला की दोघं मिळून लावू."

"वहिनी, तो मी."

"माहीत आहे, भावजी." त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

मी तो कानाशी नेऊन हलवला. आतला रंग केव्हाच दगड झाला होता.