गुलाबी चपलांची रांग

लामदुआन मावशीला थांबणं कधी जमलंच नाही. शाळेच्या फाटकाशी ती नारळाच्या दुधाचे गोड आप्पे विकते, तेही मधे जरा ओलसरच, कारण ते पुरते शिजेपर्यंत तिचा हात स्वस्थ बसत नाही. गावातल्या पोरांना आता तसलेच आवडतात. स्वतःच्या लग्नात नवऱ्याची वरात वेशीपाशी नाचत रेंगाळली, तेव्हा ही नटूनथटून घराबाहेर पडली, अर्ध्या वाटेत त्याला गाठलं आणि म्हणाली, "ढोल नंतर वाजवा, भात निवतोय." तिचा नवरा, आमचे चान काका, ही गोष्ट अजून सांगतात. दर वेळी भाताच्या जागी नवा पदार्थ येतो, एवढंच.

पुरुषांच्या होडीत जागा मागितली की "पुढच्या वर्षी बघू" हे ऐकून ऐकून ती कंटाळली आणि तिने बायकांची होडी उभी केली. पावसाळ्यातला भिक्खूंचा वर्षावास संपला की आमच्या नदीवर लांब होड्यांच्या शर्यती होतात. मावशी वल्हं मारत नाही. ती सगळ्यांत पुढे, वल्हेकरणींकडे तोंड करून बसते, ओठांत शिट्टी. एक शिट्टी, एक वल्हं. ती शिट्टी पैलतीरावरच्या म्हशीसुद्धा ओळखतात.

आणि या वर्षी, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, तिचा दम्याचा फवारा संपला.

औषधाच्या दुकानदाराने हात जोडले. "मावशी, मागचा इतक्यात संपला म्हणजे दमा बळावलाय. डॉक्टरांची नवी चिठ्ठी आण, मग देतो."

"अरे, उद्या दुपारी शर्यत आहे!"

"म्हणूनच म्हणतोय."

मोटारसायकल आमच्या घरी आहे आणि मी तिच्या शेजारी राहते, म्हणून पहाटे तिने माझंच दार वाजवलं. "ऊठ गं. तालुक्याच्या दवाखान्यात जायचंय. लोक तिथनं परत येतात तेव्हा सावल्या लांब झालेल्या असतात. मला दुपारच्या आत चिठ्ठी पाहिजे."

दवाखान्याची काच अजून बंद होती. दारासमोर चपलांची रांग मात्र लागली होती. आमच्याकडे एवढ्या पहाटे माणूस रांगेत उभा राहत नाही, चप्पल राहते. आपापली चप्पल ठेवायची आणि बाकावर जाऊन पेंगायचं. दार उघडलं की आपल्या चपलेमागे उभं राहायचं. सगळ्यांत पुढे टायरच्या जुन्या सपाता होत्या, पैलतीरच्या फुआंग काकांच्या; त्यांच्या गावची होडी शर्यतीत आमची जुनी प्रतिस्पर्धी. त्यांच्यामागे दोन-तीन जोड. मग मावशीने आपल्या ठेवल्या: गुलाबी, नव्या कोऱ्या. सरपंचाच्या बायकोने, मालाईने, शर्यतीसाठी होडीतल्या सगळ्या बायकांना एकसारख्या घेऊन दिलेल्या.

"चल," मावशी म्हणाली. "चप्पल थांबेल, आपण कशाला थांबायचं?"

समोरच्या टपरीवर गरम सोयादूध प्यायलो. बोलताना तिला मधेच श्वास घ्यावा लागत होता. मी दम्याचं नाव काढलं असतं तर तिने पेला माझ्या डोक्यावर ओतला असता.

परत आलो, तर रांग गुलाबी झाली होती.

टायरच्या सपाता, मग दोन-तीन साध्या, आणि मग गुलाबी, गुलाबी, गुलाबी, थेट सायकलस्टँडपर्यंत. मधेमधे एखादी निळी, बावरल्यासारखी.

"हे काय?" मावशी म्हणाली.

खांबाआडून कुणीतरी खोकलं. मोठी गवती टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली मालाई होती.

"मालाई? तू इथे कशाला?"

"मी? सहज. बहिणीची भाची..." आणि उजवा हात वर न्यायला गेली तशी कळवळली. "आई गं, खांदा!"

बाकाच्या पलीकडून होडीतलीच बुप्फा उठली. "काल तर म्हणालीस, माझा खांदा लोखंडाचा आहे!"

"आणि तू म्हणालीस, मी अजून दहा फेऱ्या मारीन! मग इथे काय मारायला आलीस?"

मग एकेक करत सगळीच होडी बाहेर आली. कोणी नूडल्सच्या गाडीमागून, कोणी आवारातल्या छोट्या देवळाआडून. आठवडाभर रोज सराव केला होता, प्रत्येकीचे खांदे भरून आले होते, आणि प्रत्येकीने दुसरीला "मला काही झालं नाही" म्हणून ठणकावून सांगितलं होतं. आता सगळ्या चोरून डॉक्टरांकडून चोळायचं मलम लिहून घ्यायला आल्या होत्या. हसून हसून दोघी-तिघी खालीच बसल्या.

तेवढ्यात काच सरकली. नर्स ओराथाई बाहेर आली. "उभे राहा आपापल्या चपलेमागे!"

हसणं थांबलं, धक्काबुक्कीत चपला इकडच्या तिकडे झाल्या आणि भांडण सुरू झालं.

"ही माझी!"

"तुझी? पाय बघ स्वतःचा, होडी मावेल त्यात!"

"मी पहाटे आलेय!"

"मी काल रात्रीच निघाले होते मनातून!"

ओराथाईने रांगेवर नजर फिरवली. ती आमच्याच गावची सून, पण दवाखान्यात कुणाची नाही. "कुणालाच ठाऊक नाही ना? मग सगळ्या गुलाबी चपला शेवटी. बाकीचे पुढे या."

"असं नका करू, ताई," मी म्हटलं. शेवटी गेलो तर दुपार टळणार होती. मावशी काहीच बोलेना, याचीच मला जास्त भीती वाटली. तिने गळ्यातली शिट्टी ओठांत धरली. होडीत गोंधळ झाला की ती हेच करते. शिट्टी वाजते आणि सगळ्या गप होतात.

तिने फुंकली. आवाजच आला नाही. फुस्स. सायकलच्या चाकातली हवा जावी तसं काहीतरी.

पुन्हा फुंकली. फुस्स.

बायकांनी वळून बघितलं. बुप्फाच्या हातातली चप्पल तशीच राहिली. मालाईने टोपी काढली. मग कुणी कुणाला काही न सांगता त्या आपापल्या जागी उभ्या राहिल्या, होडीत बसतात त्याच क्रमाने, दोघी-दोघी, एकीमागे एक. आणि त्यांच्या पुढची जागा मोकळी ठेवली. मालाईने मावशीला दंडाला धरून तिथे उभं केलं.

"ताई," बुप्फा नर्सला म्हणाली, "चपला कुणाच्या ते नाही सांगता येत. पण माणसांची रांग ही अशी आहे. हिच्या पुढे आमच्यातली कुणी नाही."

ओराथाईने मावशीच्या ओठांकडे बघितलं. ते निळसर झाले होते. "मावशी, अशा अवस्थेत रांगेत कशाला उभी राहिलीस? आधी मला येऊन सांगायचं!"

"सांगितलं असतं," मावशी धापा टाकत म्हणाली, "तर तू मला... घरी झोपवलं असतंस."

टायरच्या सपातांमागून फुआंग काका गुरगुरले, "जाऊ दे तिला पहिली. माझे गुडघे चाळीस वर्षं दुखतायत, आणखी घटकाभर दुखतील." मग आमच्याकडे बोट रोखून म्हणाले, "पण शिट्टीशिवाय तुमची होडी हरली, आणि मग तुम्ही रडत बसलात, तर ते जिंकणं आम्हाला गोड लागणार नाही. नीट हरा!"

"आधी जिंकून दाखव, म्हाताऱ्या!" बायका एका सुरात ओरडल्या.

आत डॉक्टरांनी मावशीच्या तोंडावर औषधी वाफेचा मास्क लावला. ती पाच मिनिटं न बोलता बसली. तिच्या आयुष्यातला विक्रम असावा. मग तिला दम मोजायच्या नळीत फुंकायला लावलं. काटा सरसर वर गेला.

"दिवसातून किती वेळा फवारा मारता?"

"एकदा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बरं, पाच-सहा वेळा. सरावात आठ."

"तसं चालणार नाही. हा दुसरा फवारा रोज सकाळ-संध्याकाळ, धाप असो नसो. हा पहिला फक्त गरजेला." ते लिहीत होते, मावशी कागद ओढत होती. "मावशी, सही तर होऊ द्या! आणि दम लागला की शिट्टी दुसऱ्या कुणीच्या हातात द्यायची, कबूल?"

"कबूल." तिने दोन्ही हात जोडून खाली वाकून नमस्कार केला आणि वाकलेली असतानाच कागद घेतला.

औषधाच्या खिडकीवर आम्ही पोचलो तेव्हा नदीकडून पहिला ढोल ऐकू आला. मागून एकामागून एक बायका मलमाच्या चिठ्ठ्या नाचवत येत होत्या. परतताना माझ्या मोटारसायकलमागून बायकांनी भरलेली मालाईची पिकअप येत होती, तिला असा वास येत होता, की रस्त्यावरचे कुत्रे बाजूला झाले.

शर्यतीत आमची गाठ पहिल्यांदा पैलतीरच्याच होडीशी पडली. मावशीने शिट्टी फुंकली आणि मी काठावर टाळ्या वाजवायला विसरले. आवाज पाण्यावरून धावत गेला. मलम चोळलेले खांदे एकदम वर, एकदम खाली. मधे एकदा तिने शिट्टी मालाईकडे फेकली, फवारा घेतला, हाताने ताल धरला आणि शिट्टी परत मागितली. आमच्या होडीचं नाक दुसऱ्या होडीच्या नाकापुढे अगदी वीतभर निघालं.

समोरच्या काठावर पैलतीरची माणसं डोक्याला हात लावून उभी होती. "ही बाई तर आजारी होती म्हणे! हिला दवाखान्यातून इतक्या लवकर सोडलं कुणी?"

फुआंग काका गुडघे चोळत नदीकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही आज इतके गप्प का हो?"