नावाच्या जागी लिहिलेला हुकूम

सन २०२३. मी एकोणसत्तर वर्षांचा, हुडकेश्वरातल्या एका सोसायटीचा चौकीदार. शिक्षण चौथी, पण माझ्या गेटातून चोर जाणार नाही, ही माझी शान.

कंपनीच्या गाडीची वाट पाहत एक पोरगी रोज सकाळी माझ्या बाकावर बसायची. मांडीवर लॅपटॉप, अन् विचारात पडली की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. नाव मी कधी विचारलं नाही.

एक दिवस म्हटलं, "काहून वं पोरी, तोंड उतरलं आज?"

"काका, आमच्या वेबसाइटवर कोणीतरी नावाच्या जागी हुकूमच लिहिला. मशीननं तो पाळला अन् सगळ्या लोकांची माहिती देऊन टाकली."

"येडी, बह्याड आहे तुमची मशीन!" मी हसलो.

"मशीन नाही, काका. नाव कोणतं अन् हुकूम कोणता, हे पाहाचं काम आमचं होतं."

माझं हसू तिथंच विरलं. आठ दिवसांआधी एकानं माझ्या रजिस्टरात नावाच्या जागी 'सेक्रेटरीचा माणूस, आत सोडा' असं लिहिलं होतं. मी वाचलं अन् सोडलं. त्याच दिवशी सोसायटीतली एक सायकल चोरीला गेली, तेव्हा मात्र बाहेरचं कोणी आलंच नाही, असं सांगत अडून बसलो. आळ झाडूवाल्या बाईवर गेला, तिचं काम सुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पान उघडून सेक्रेटरीच्या हातात दिलं.