दोन बॅटऱ्या, एक हातगाडी

दोन्ही बॅटऱ्या मी एकाच हातगाडीवर घालून चार्जिंगला पाठवल्या. दोन खेपा कशाला, एवढाच विचार. वीज गेली तर एक हवी आणि तीही बसली तर दुसरी, म्हणूनच त्या दोन दिल्या होत्या, हे मला गाडी कोपऱ्यावरून वळल्यावरही सुचलं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. सांगलीला मी वायरलेस ऑपरेटर होतो. कऱ्हाडहून कृष्णेच्या पाण्याची पातळी ऐकायची आणि कचेरीत कळवायची, एवढंच काम. घरी मात्र मी असं सांगायचो, की नदी जणू मला विचारूनच वाढते. सासूबाईंनी ते खरं धरलं. त्यांचं घर घाटालगतच्या बोळात. पावसाळ्यात कुणी हला म्हटलं, की म्हणायच्या, जावईबापूंच्या यंत्राचा निरोप येऊ दे, मग उठते.

त्या दिवशी सकाळीच वीज गेली. सेट मुका. बॅटऱ्या दुकानात, आणि मधल्या ओढ्याला कमरेएवढं पाणी. दहाचा निरोप हुकला. आमची राहती खोली कचेरीच्या मागेच. बायको खिडकीशी येऊन म्हणाली, बोळात पाणी शिरतंय, आई पिशवी भरून ओट्यावर बसलीय, निरोप आला का? मी म्हटलं, येतोय.

आमचा जीपचा ड्रायव्हर फलटणकडचा, फौजेत वायरलेसवर काम केलेला. त्यानं माझा चेहरा पाहिला.

"आवं सायेब, जीपमदी काय हाय मग?" म्हणाला, आणि बॉनेट उघडून बॅटरीच काढून आणली.

बाराला कऱ्हाड बोललं. पाणी अजून चढणार होतं. कचेरीत कळवलं आणि ऐटीत म्हटलं, चल, जीप काढ, सासूबाईंना आणू.

तो सेटला लावलेल्या बॅटरीकडं बघत राहिला. "ढकलायची का?"

त्याला सेटपाशी बसवून मी पाण्यातून चालत निघालो. बोळात पोचलो, तर ओटा रिकामा आणि दाराला कुलूप. तसाच घरी धावलो, तर सासूबाई चुलीपाशी चहा पीत बसलेल्या. शेजारणीला सांगत होत्या, आमच्या जावयाचं यंत्र म्हणजे यंत्र, वीज गेली तरी बोलतं.

बायकोनं मला बाजूला घेऊन पंचा दिला. म्हणाली, "सेट मुका दिसला, तशी तुमच्या खिडकीवरनं थेट बोळात गेले मी. निरोप आलाय म्हणून सांगितलं तिला. आता तिच्यापुढं बॅटरीचं काही बोलू नका."