समोरच्या खिडकीतली वाटी

नाशकात स्टेशनजवळचं हॉटेल सोडून मी मुद्दाम जुन्या गल्लीत खोली घेतली. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या खिडकीपर्यंत हात पोचावा. सकाळी समोरच्या काकूंनी तिथूनच वाटी पुढे केली. "गरम सांजा आहे, घ्या."

घरी माझ्या फ्लॅटसमोरचं दार कधी उघडतं, मला ठाऊक नाही.

शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते. खोलीत चहासाठी ठेवलेल्या साखरेच्या पुड्या होत्या, त्याच वाटीत घालून दिल्या. भरली वाटी म्हणजे उद्याचा शब्दच की!

काकू हसल्या. "उद्या थालीपीठ करतेय. आवडतं ना?"

"खूप," मी म्हटलं. मागे पलंगावर माझी बॅग भरून तयार होती. ती त्यांना दिसू नये म्हणून मी खिडकी अडवून उभी राहिले.