कामचुकार फुलं

मुकादमांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते हातात झाडू घेऊन झाडाखाली मान वर करून उभे होते. मला वाटलं, एखादा पक्षी पाहत असतील. ते पान पडायची वाट पाहत होते. पान सुटलं, हेलकावे खात खाली आलं आणि जमिनीला टेकायच्या आत त्यांनी ते हवेतच झाडूवर झेललं.

"एकदा खाली पडलं की पसारा सुरू होतो, बाई," ते भिंतीवरून म्हणाले. ही आमची ओळख.

साबणाच्या कारखान्यात ते पॅकिंग खात्याचे मुकादम होते. निवृत्त झाल्यावर शेजारच्या घरात राहायला आले ते मुकादमकी सोबत घेऊनच. जगात त्यांच्या लेखी दोनच जाती : कामाचे आणि कामचुकार. अंगणातल्या गांडुळांना ते कामचुकार म्हणत. कोळ्यांबद्दल म्हणत, "दिवसभर जाळ्यात लोळायचं आणि जेवण घरपोच." पाइपात मधमाश्यांनी घर केलं तेव्हा तर ते खवळलेच. विनापरवाना ये-जा! त्यांनी फवारा आणला आणि एका दुपारी माश्यांचं दार कायमचं बंद केलं. अंगण ते साबणाच्या पाण्याने धुवायचे. त्यांच्या अंगणातली माती इतकी स्वच्छ होती, की तिला माती म्हणायला संकोच वाटे.

माझं अंगण त्यांना बघवत नसे. पानं जिथे पडली तिथे, कोपऱ्यात मोडका बाक, बाकाला भुंग्यांनी पोखरलेली भोकं. "बाई, भोकं बुजवून देऊ का? फुकट," असं ते महिन्यातून एकदा तरी विचारत. मी नको म्हटलं की खाली मान घालून निघून जात. जणू आजारी माणसाने औषध नाकारलं होतं.

त्यांच्या घरच्या म्हणजे वहिनी मात्र मोकळ्या स्वभावाच्या. लेकीला मूल झालं तेव्हा त्या तिच्याकडे निघाल्या. भिंतीलगत त्यांनी भोपळ्याची बी लावली होती. ते बियाणं त्यांच्या आईचं. दरवर्षी एक भोपळा वेलावर पिकू द्यायचा, त्याच्या बिया वाळवून डब्यात ठेवायच्या, असं चालत आलेलं. यंदा डबा उंदरांनी फोडला. वाचलेल्या बियांतली एकच उगवली. रिक्षात बसताना वहिनी म्हणाल्या, "वेलाला पाणी घाला. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका, एवढा एकच हुकूम मुकादमांना पाळता येण्यासारखा नव्हता.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन भिंतीवर ठेवलेला, आवाज मोठा केलेला, आणि मी अलीकडे कपडे वाळत घालत होते.

"वेल कसा आहे?" वहिनींनी विचारलं.

"एकदम शिस्तीत. कामचुकार फुलं रोज सकाळी काढून टाकतो."

"कामचुकार म्हणजे कुठली?"

"अगं, काही फुलांच्या मागे छोटा भोपळा असतो, ती कामाची. काही नुसतीच लांब देठावर ऐटीत उभी. मागे काही नाही, पुढे काही नाही. फुकट खाणारी."

पलीकडे बाळ रडायला लागलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "ते बाप्ये होते."

"कोण?"

"ती फुलं! नर आहेत ती. त्यांचा पराग या दुसऱ्या फुलांत गेल्याशिवाय भोपळा धरेल कसा? सगळी काढलीत?"

"...सगळी."

"आणि पराग नेणाऱ्या मधमाश्या?"

"त्यांचा मी आधीच बंदोबस्त केला."

"मी आले की तुमचा करते," वहिनी म्हणाल्या. मग आवाज उतरला. "आईचं एवढंच उरलं होतं हो."

फोन बंद झाला. मुकादम भिंतीशी आले. "बाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

मी भाषा शिकवायचे. 'परागीभवन' हा शब्द मी फक्त शुद्धलेखनासाठी घातला होता. आणि आयुष्यभर मुलांच्या पेपरांवर भोपळे काढले, पण भोपळा धरतो कसा हे मला ठाऊक नव्हतं. तसं मी सांगितल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

मग त्यांनी मधमाश्यांचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. त्यानंतरचं पहिलं नर फूल उमललं त्या सकाळी ते दाढीचा ब्रश घेऊन आले. "कोणी बघत नाही ना, बघा," असं मला सांगून ब्रश नर फुलात फिरवला आणि चेहरा दुसरीकडे वळवून मादी फुलाला लावला. फार अदबीने. पण ब्रशात कालचा साबण होता. फूल फेसाळलं आणि दोन दिवसांत गळून पडलं.

पुढे ब्रश धुतला, पण वेलच पिवळा पडू लागला. पाणी घातलं की घट्ट मातीवरून ते सरळ गटारात जाई. मुकादमांनी दाढी करायचं सोडलं. त्यांच्या अंगणात पडलेलं पान दुपारपर्यंत तसंच राहू लागलं, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

एकदा ते कात्री घेऊन माझ्याकडे आले. वेलाचा शेंडा कधीच भिंत ओलांडून माझ्या पाचोळ्यात उतरला होता. "तुमच्याकडे अतिक्रमण झालंय. निदान तेवढं तरी नीट करतो."

ते वाकले. शेंडा ओढून पाहिला, हलेना. वेलाने पेराला नवी मुळं सोडून पाचोळ्याखालच्या काळ्या, ओल्या मातीत मुक्काम ठोकला होता. पानं हिरवीगार, मधूनमधून कामचुकार फुलं ऐटीत उभी, आणि एका फुलातून माझ्या बाकावरचा भुंगा पिवळाधमक होऊन बाहेर पडत होता. मुकादमांनी एक मोठं पान उचललं आणि मटकन खाली बसले. लहान मुलाच्या डोक्याएवढा भोपळा!

"हे इथे कसं झालं?"

"इथे तुम्ही मुकादम नव्हता."

त्यांनी ते मनावर घेतलं नाही. ते हिशेब लावत होते. "म्हणजे पान पडतं, गांडूळ ते खातं, त्याची माती होते, ती पाणी धरते, त्यावर वेल जगतो. बाक मोडका म्हणून भुंगा, भुंगा म्हणून भोपळा." मग माझ्याकडे पाहून, "यांची हजेरी कोण घेतं?"

"कोणीच नाही."

"आणि तरी काम होतं?"

"होतं की."

ते चांगलेच दुखावले. पण कात्री खिशात गेली.

वहिनी नातवाचे फोटो घेऊन परत आल्या तेव्हा भोपळा पिकत आला होता. मुकादमांनी सगळा कबुलीजबाब दारातच, त्यांच्या हातातली पिशवी घ्यायच्याही आधी देऊन टाकला. वहिनींनी ऐकून घेतलं, माझ्या अंगणात येऊन भोपळ्यावर हात फिरवला, आणि म्हणाल्या, "दाढी करा आधी." बिया वाळल्यावर निम्म्या त्यांनी माझ्या डब्यात ठेवल्या. एका घरावर आता त्यांचा भरवसा नाही.

मुकादमांच्या अंगणात आता पाचोळ्याचा ढीग आहे. दर रविवारी ते तो झाडूने चौकोनी करतात.