नानांची किल्ली आणि साहेबांचं दार

किल्लीनाना कुठल्याही लोखंडाला आधी हात लावायचे नाहीत. आधी किल्ली लावायचे. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात एक लांब पितळी किल्ली असायची, ती काढायची, समोरच्या वस्तूला टक् करून टेकवायची, मग हात. पाण्याचा नळ, दाराची कडी, चहावाल्याची किटली, सगळ्यांना टक्. मी कामावर रुजू झाले त्या दिवशी नानांनी माझ्या टाइपरायटरला टक् केलं आणि मग त्याच्या शेजारी आपला रजेचा अर्ज ठेवला. मला वाटलं, बाई गं, या माणसाचं डोकं फिरलंय!

डोकं कसलं फिरतंय. अख्ख्या कारखान्यात त्या एकाच माणसाचं डोकं ठिकाणावर होतं, हे मला कळायला वर्ष गेलं.

आमचा कारखाना रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या मागे. तीन विजेच्या करवती, आणि त्यांचा भुसा ओढून घेणारा एक मोठा पंखा. पंख्यापासून प्रत्येक करवतीपर्यंत पत्र्याचे नळ गेलेले, छताच्या वाशांना सुंभाने टांगलेले. थंडीत हवा कोरडी पडली की त्या नळांतून भुसा चरचर घासत पळायचा आणि नळाच्या अंगात वीज साठायची. तिला खाली जायला पूर्वी वाट नव्हती. मग जो माणूस जवळ जाईल त्याच्या कोपराला, कानाला, बोटाला फट्! मी विचारलं, "नाना, पण नळाला तर वीज जोडलेलीच नाही!" तर म्हणाले, "थंडीत मांजराला कुरवाळलं की चटचट होतं की नाही? त्या मांजराला कुठं बटण असतं? तसंच हे. फक्त हे मांजर छतापर्यंत लांब हाय." किल्लीचं गुपितही तेच. ठिणगी किल्लीच्या टोकावर उडते, कातडीला कळत नाही.

नाना वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे. पन्नाशीचे, काटक, पांढऱ्या मिश्या, हाताला सागवानाचा वास. ज्या वर्षी त्यांच्या चाळीतले लोक धर्म बदलून आले त्या वर्षी नानांनी गळ्यातला ताईत काढून टाकला, दोरा मात्र ठेवला. "किल्ली कशात अडकवू मग?" एवढंच म्हणाले. किल्ली कुठल्या कुलपाची, असं मी एकदा विचारलं. "गावच्या घराची. घर ऱ्हायलं नाही, पण किल्लीला कुणी तसं सांगितलं नाही अजून."

करवतीवर दोन माणसं लागतात. एक फळी ढकलतो, दुसरा पलीकडून ओढून घेतो. ओढायला नाना, ढकलायला गणपत, बारा वर्षांची जोडी. दोघं बोलायचेच नाहीत, नुसत्या माना हलवायचे. नाना म्हणायचे, "हात एकदा भित्रा झाला की करवत त्याला वळखते." म्हणून नानांनीच फार पूर्वी नळाला तांब्याची एक जाड तार बांधून ती भिंतीकडेने मागच्या ओल्या गटारापर्यंत नेली होती. नळातली वीज मुकाट जमिनीत जायची. वर्षानुवर्षं कुणाला झटका नाही. नाना किल्ली टेकवायचे ती जुनी सवय म्हणून.

मग आमच्या मॅनेजरसाहेबांना केबिन हवी झाली. केबिन झाली, तिला दार बसलं, आणि दार लागेना. मध्ये तार येत होती. साहेबांनी पक्कड मागवून तार कापली. दार लागलं!

साहेबांबद्दल सांगायलाच हवं. साहेब संयुक्त महाराष्ट्रवाले, कट्टर. कोटावर बिल्ला, शिवाजी पार्कची एक सभा चुकवायची नाही, दुसऱ्या दिवशी आम्हाला अख्खं भाषण हातवाऱ्यांसकट. "मराठी माणूस तेवढा एक!" असं म्हणताना त्यांचा आवाज कापायचा. आणि हाच माणूस संक्रांतीला तिळगूळ वाटताना काय करायचा? आम्हा गिरगाव-दादरच्यांच्या हातात लाडू ठेवायचा, आणि नाना-गणपतसारख्यांच्या ओंजळीत वरून टाकायचा. वीतभर उंचीवरून. बोटाला बोट लागता कामा नये. मी ते बघितलं होतं, आणि खरं सांगते, मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आमच्या घरी भांडीवालीला पाणी वरूनच ओतायचे.

तार कापली ती पावसाळ्यात, त्यामुळे काही झालं नाही. पौषात हवा कोरडी पडली. एका सकाळी गणपतचा कोपर नळाजवळ गेला, फट् झालं, हात दचकून पुढे गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. नाना पलीकडे फळी धरून उभे होते. त्यांनीच सदरा फाडून हात बांधला, त्यांनीच त्याला इस्पितळात नेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला पत्र सांगितलं. मराठीत, अर्थातच, साहेबांना मराठीचा भारी अभिमान. "सदर नळास विजेची जोडणी नसल्याने त्यापासून धक्का बसणे सर्वथा अशक्य आहे. तसा धक्का बसल्याचे सांगणारा इसम मद्याच्या अमलाखाली असला पाहिजे. सबब त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे." मी आठ मिनिटांत टाइप केलं. एकही खाडाखोड नाही! मला माझ्या वेगाचा इतका गर्व होता की मी घड्याळ लावून टाइप करायचे.

चार दिवसांनी नाना आले. टाइपरायटरला टक्.

"ताई, तुम्ही लई जोरात टाइप करता म्हणं."

"हो तर!" मी म्हटलं. "ऑफिसात माझ्याइतकं कुणीच नाही."

"मग वाचता कधी?"

बस्स, एवढंच बोलून गेले. मी कार्बन कॉपी काढून वाचली आणि माझे कान तापले. दारूबंदीचे दिवस. ज्या माणसाच्या नावावर असं पत्र, त्याला दुसरा कारखाना उभा करील? गणपत भायखळ्यापासून शिवडीपर्यंत दारं ठोठावून आला, पत्र बघितलं की सगळे मान फिरवायचे. वर पोलीस येऊन त्याच्या खोलीतले डबे हुंगून गेले ते वेगळंच. माळकरी माणूस, आयुष्यात थेंब घेतलेला नाही. चाळीतली पोरं त्याला बेवडा म्हणायला लागली.

नानांनी साहेबांकडे तीनदा तार मागितली. तिन्ही वेळा एकच उत्तर, "जोडणीच नाही, तर शॉक कुठून बसेल? तूसुद्धा घेतोस का रे?" मी नानांना म्हटलं, युनियनकडे जा, कुणाकडे तरी जा. नाना शांतपणे किल्ली सदऱ्याला पुसत म्हणाले, "जाऊन आलो, ताई. त्ये म्हणत्यात, आधी मुंबई मिळू दे, मग बघू. मला साहेबाकडनं तीन वस्तू पायजेत. माझी तार, गणपतचं काम, आणि त्याच्या तोंडातनं 'आई गं'."

"आणि माफी?"

"माफी नको. माफी मागितली की माफ करावं लागतं."

वर्षभर थांबले! मी तर आठ दिवसांत फुटले असते. मी रोज विचारायचे, कधी, नाना, कधी? ते म्हणायचे, "लाकूड वाळू द्या." त्या वर्षात मी साहेबांचं प्रत्येक पत्र दोनदा वाचून टाइप केलं, आणि गणपतच्या पत्राची कार्बन कॉपी फाइलमधून काढून माझ्या खणात ठेवली. नाना म्हणाले होते, "संक्रांतीला ती हाताशी असू द्या."

संक्रांत आली. त्या दिवशी मोठे शेठ कारखान्यात यायचे, वर्षातून तेवढं एकदाच. साहेब पितळी ताट घेऊन निघाले, मागे शेठ, त्यांच्या मागे मी वही घेऊन. साहेबांचा नियम असा की तिळगुळासाठी करवती थांबवायच्या नाहीत, ज्याने त्याने जागेवर उभं राहून घ्यायचा. पंखा गरगरतोय, भुसा नळातून चरचरतोय, हवा अशी कोरडी की माझ्या पातळाची निरी पायाला चिकटत होती.

नाना करवतीपाशी उभे होते. पायाखाली जुन्या टायरचा तुकडा, अंगातली वीज जमिनीत उतरू नये म्हणून. डावा हात मागे, नळावर. हातावरचे केस उभे राहिलेले मला लांबून दिसले! गळ्यात किल्ली होती, पण ती त्यांनी सदऱ्याच्या आत टाकली होती.

"आपण सगळी मराठी माणसं एक," साहेब म्हणाले आणि त्यांनी लाडू वीतभर उंचीवर धरला.

नानांनी उजवा हात पुढे केला आणि लाडू सुटायच्या आत वर उचलला. लागला नाही हं! करंगळीच्या पेराएवढं अंतर राहिलं होतं. तेवढ्यातून निळी ठिणगी उडाली, फटाक्यासारखा आवाज झाला.

"आई गंऽऽ!"

ताट उडालं, लाडू भुशात, साहेब दोन हात मागे. नानांनाही तेवढाच झटका बसला होता, पण त्यांचा हात जागचा हलला नाही.

"शेठ, यानं मला शॉक दिला! नळाची वीज लावली मला!"

"नळाला जोडणीच न्हाई, साहेब," नाना म्हणाले. मग वाकून साहेबांच्या तोंडापाशी दोनदा हुंगलं. "सकाळी सकाळी घेतलीत व्हय?"

मी वहीतून कार्बन कॉपी काढली आणि शेठसमोर मोठ्यांदा वाचली. "धक्का बसल्याचे सांगणारा इसम मद्याच्या अमलाखाली असला पाहिजे." खाली सही कुणाची, तेही वाचलं. नानांनी किल्ली काढून शेठच्या हातात दिली, "टेकवा नळाला. लागायची न्हाई." शेठनी टेकवली. टोकावर ठिणगी उडाली. त्यांनी तिथल्या तिथे करवती बंद करायला सांगितल्या.

दुपारी तार परत बसली. नानांनी स्वतः बसवली, जुन्याच वाटेने. तिसऱ्या दिवशी मी गणपतचं नवं पत्र टाइप केलं, मुद्दाम हळूहळू, एकेक अक्षर चाखत. साहेबांना समोर उभं करून सही घेतली. ढकलायचं काम गणपतला पुन्हा जमलं नाही, तो आता फळ्या रचतो. पण बेवडा कुणी म्हणत नाही.

साहेबांची नोकरी गेली नाही, ते शेठच्या नात्यातले. पुढल्या संक्रांतीला त्यांनी तिळगूळ शिपायाबरोबर पाठवला. नानांनी परत पाठवला. "येऊ दे त्याला," म्हणाले.

यंदा मेच्या पहिल्या तारखेला महाराष्ट्र झाला. दुसऱ्या दिवशी साहेब डोळे पुसत पेढे वाटत आले. त्याच आठवड्यात नाना काम सोडून मुलाकडे खडकीला जाणार होते. नानांनी ओंजळ केली. "तार हाय आता, साहेब. भिऊ नका." साहेबांनी तारेकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि पेढा इतक्या उंचावरून टाकला की तो खालीच पडला. नानांनी उचलला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? शॉकचं नव्हतंच काही."

मी माझ्या हातातला पेढा त्यांच्या हातात ठेवला. ठेवला, टाकला नाही. माझी बोटं त्यांच्या हाताला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की चार वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. त्यांच्याही आलं असणार. पण त्यांनी मला तेवढ्याने सोडलं नाही. "उशीर केलात, ताई," म्हणाले. मग दोरा मानेतून काढून किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "ती तार तेवढी बघत जा."

बघते की. दर शनिवारी जाऊन बघते, पक्की आहे ना, कुणी ओढली नाही ना. साहेब रोज सकाळी केबिनमध्ये शिरतात आणि सवयीने दार लोटतात. दार तारेवर आपटतं आणि चार बोटं उघडं राहतं. ते पुन्हा लोटतात. पुन्हा आपटतं. मी टाइप करायची थांबते, खणातून किल्ली काढून मशीनला टक् करते, आणि तिसऱ्यांदा आपटायची वाट बघते.